मंग हाई लिखस कोन?

परवा अमळनेरला एका व्याख्यानमालेत मुंबईचे एक मालिका-निर्माते बोलून गेले. विषय होता टीव्ही-उद्योगातली सर्जनशीलता. सभागृह भरलं होतं. साने गुरुजींच्या गावाला व्याख्यानाचं वावडं कधीच नव्हतं, आणि २०२४ साली साहित्य संमेलन इथं झाल्यापासून तर आमच्याकडे कोणीही माइक हातात धरला की ऐकायला शंभर माणसं सहज जमतात.

पाहुणे चांगलं बोलले. फक्त स्लॉट, बँक, ट्रॅक, टीआरपी, आयपी हे शब्द तापल्या कढईतल्या लाह्यांसारखे उडत होते आणि निम्म्याहून जास्त खुर्च्यांच्या डोक्यावरून जात होते. माझ्या शेजारी मावशी होती. वय बहात्तर, संध्याकाळच्या तीन मालिका नेमानं बघणारी. तिनं तासभर कान देऊन ऐकलं आणि परतताना रिक्षात आमच्या अहिराणीत विचारलं, “मंग हाई लिखस कोन?” म्हणजे, मग हे लिहितं कोण?

मी स्वतः काही वर्षांपूर्वी चार महिने एका मालिकेचे संवाद लिहिले आहेत. तरी मला तिला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. रिक्षा घरी पोचली, प्रश्न तसाच राहिला. इथं जरा सावकाश बसून सांगतो.

आधी पैसा कुठून येतो ते बघू

वैशाखात बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. लोक येतात रथ आणि पालखी बघायला. पण पाळणेवाला, भांडेवाला, जिलेबीवाला जागेचं भाडं भरतो ते रथासाठी नाही, रथामागून येणाऱ्या गर्दीसाठी. गर्दी जिथून जाते तिथली जागा महाग, कोपऱ्यातली स्वस्त.

वाहिनीचा धंदा असाच चालतो. मालिका म्हणजे रथ. साबण, मसाले, सोनं आणि सिमेंटच्या जाहिराती म्हणजे दुकानं. आणि वाहिनी म्हणजे जागा भाड्यानं देणारी. या जागेलाच ‘स्लॉट’ म्हणतात : साडेसातचा अर्धा तास, आठचा अर्धा तास. आठच्या जागेचं भाडं दुपारी दोनच्या जागेहून कितीतरी जास्त. नियमानं तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात. त्या, शीर्षकगीत आणि ‘मागील भागात’ वजा केलं की अर्ध्या तासात गोष्टीला साधारण २२ मिनिटं उरतात.

पूर्वी हिशोब निराळा होता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि बरीच वर्षं सगळा कारभार सरकारीच होता. १९८४ नंतर प्रायोजित मालिका आल्या. निर्माता प्रायोजक शोधायचा, दूरदर्शनला प्रसारणाची फी भरली जायची आणि बदल्यात जाहिरातीची ठरावीक सेकंदं मिळायची. १९९२ नंतर खाजगी वाहिन्या आल्या, १९९९ पासून खाजगी मराठी वाहिनीही आली, आणि जागेचा मालकच रथ कसा असावा हे सांगू लागला. पाहुण्यांच्या तासाभराच्या बोलण्यातली अर्धी तक्रार या एका बदलाबद्दल होती, पण ते त्यांनी इतक्या आडवळणानं सांगितलं की समोर बसलेल्या शहाण्या माणसांनाही वाटलं, हल्ली लेखकांची प्रतिभा आटली.

गर्दी मोजायची कशी?

यात्रेतली गर्दी डोळ्यांना दिसते. घराघरात बसलेली कशी मोजणार? तिथं ‘टीआरपी’ येते. कोणता कार्यक्रम किती लोकांनी किती वेळ पाहिला, याचा हा अंदाज. २०१५ पासून हे काम ‘बार्क’ ही संस्था करते. वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरात संस्था अशा तिघांनी मिळून ती उभी केली आहे.

देशात टीव्ही असलेली घरं सुमारे २१ कोटी. त्यातल्या साधारण ५५ हजार घरांत बार्कचं मीटर बसवलेलं आहे. म्हणजे ३,८०० घरांमागे एक. मोजणीतल्या प्रत्येक वाहिनीच्या आवाजात कानाला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते. मीटर ती खूण ओळखतं आणि कोणती वाहिनी चालू आहे हे टिपतं. घरातल्या प्रत्येक माणसाला रिमोटवर एकेक बटण दिलेलं असतं. टीव्हीसमोर बसलं की आपलं बटण दाबायचं, उठलं की परत दाबायचं. मीटर कोणाकडे आहे हे गुप्त ठेवलं जातं.

व्याख्यानात हे ऐकताना मावशी मला कोपर मारून म्हणाली, “आमना घर त कोनी इचाराले बी उना नही.” सभागृहातल्या निम्म्या लोकांची हीच शंका होती : आम्हाला विचारलंच नाही, तर आमची आवड यांना कळली कशी?

हे आपल्याकडच्या माणसाला समजायला अवघड नाही. कापसाची गाडी जिनिंगवर गेली की व्यापारी सगळी गाडी उपसत नाही. गाडीत कोपरापर्यंत हात घालतो, आतून मूठभर कापूस ओढतो. ओल बघतो, कवडी किती आहे बघतो, दोन चिमटींत धागा ताणून लांबी बघतो आणि सगळ्या गाडीचा भाव सांगतो. वरचा थर तो बघत नाही, कारण वर चांगला कापूस पसरायची विद्या आपल्यालाही येते. गाडी मोठी म्हणून मूठ मोठी लागत नाही. मूठ सगळीकडून नीट घेतलेली असली पाहिजे. ५५ हजार घरं २१ कोटींसाठी थोडी नाहीत, ती याच कारणानं.

खोट निराळ्या जागी आहे. गाडीच्या एका कोपऱ्यात देशी कापसाची एखादी पिशवी बांधून ठेवली असेल, तर त्या पिशवीपर्यंत हात पोचेलच असं नाही. २०११ च्या जनगणनेत खान्देशी, म्हणजे मुख्यतः अहिराणी, ही मातृभाषा म्हणून सुमारे १८.६ लाख लोकांनी नोंदवली. प्रत्यक्षात घरी अहिराणी बोलून कागदावर मराठी लिहिणारे घराघरात सापडतील, माझी आई त्यातली. ५५ हजारांतून महाराष्ट्र बाजूला काढा, त्यातून खान्देश, त्यातून अहिराणी घरं. हातात उरते ती चिमूट. तिच्यावरून भाव सांगायला कोणताही व्यापारी धजणार नाही, आणि सांगितला तरी त्यावर विसंबू नये.

आणि मूठ लहान असली की तिच्यात लबाडीही सोपी. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी आरोप केला की मीटर असलेल्या काही घरांना ठरावीक वाहिनी लावून ठेवायला पैसे दिले गेले. त्यानंतर बार्कनं बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे थांबवले, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. मी मावशीला विचारलं, तुझ्याकडे मीटर बसवलं तर? ती म्हणाली, “मी त बहीननं बटन बी मीच दाबसू.” बहीण त्या वेळी हरिपाठाला गेलेली असते.

गुरुवार

हे आकडे आठवड्यातून एकदा, गुरुवारी येतात. मालिकेच्या ऑफिसात गुरुवारी सकाळी कोणी मोठ्यानं बोलत नाही. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी घरात असतं तसं वातावरण, फक्त निकाल वर्षातून बावन्न वेळा.

आता मावशीच्या प्रश्नाकडे येऊ. मालिकेच्या नामावलीत तीन नावं निराळी दिसतात : कथा, पटकथा, संवाद. कथाकार सांगतो की पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत काय घडणार. पटकथाकार एकेका भागाचे सीन पाडतो. संवादलेखक माणसांच्या तोंडी वाक्यं घालतो. या तिघांच्या डोक्यावर वाहिनीचा माणूस असतो, त्याला ‘क्रिएटिव्ह’ म्हणतात. कथेतल्या एका धाग्याला म्हणतात ‘ट्रॅक’. आणि चित्रीकरण होऊन तयार असलेल्या, अजून न दाखवलेल्या भागांच्या साठ्याला ‘बँक’.

सगळी मेख या बँकेत आहे. आठवड्याला सहा भाग म्हणजे महिन्याला सव्वीस. २६ गुणिले २२ मिनिटं, साडेनऊ तास झाले. चार मराठी सिनेमांइतकं काम दर महिन्याला, आणि ते वर्षानुवर्षं. बँकेत पंधरा भाग शिल्लक असतील तर लेखकाला विचार करायला सवड मिळते. दोनच असतील तर सकाळी सात वाजता सीन लिहून पाठवायचा आणि नऊला कलाकार तो मेकअपच्या खुर्चीत पाठ करतो.

मी लिहीत होतो त्या मालिकेत नायिकेचा एक मामा होता. तो गोडबोल्या खलनायक आहे हे हळूहळू उलगडायचं ठरलं होतं. मी त्याच्या तोंडी दीड महिना दुहेरी अर्थाची वाक्यं घालत होतो. मला त्या कामाची मजा येत होती, खोटं कशाला बोलू. एका गुरुवारी आकडा घसरला. रात्री अकराला मेसेज आला : मामा निगेटिव्ह नको, बायकांना तो आवडतोय. मग मामाला पश्चात्ताप होऊन तो काशीला गेला. तिथून परत आणायच्या सुमाराला त्या नटाचा नाटकाचा दौरा लागला, म्हणून काशीहून आल्या आल्या मामा कोमात. दौरा संपल्यावर शुद्धीवर आला, तोवर तो खलनायक होणार होता हे मी सोडून सगळे विसरले होते.

तर मावशी, मामाला कोमात कोणी घातलं? मी? कागदावर अक्षर माझं होतं. पण त्यात गुरुवारचा आकडा होता, वाहिनीचा माणूस होता आणि यवतमाळ-अमरावतीच्या नाट्यगृहांच्या तारखा होत्या. जाता जाता : मानधन भाग दाखवल्यानंतर नव्वद दिवसांनी मिळायचं आणि शेवटच्या महिन्याचं मला अजून मिळायचं आहे.

ताट एकदा पडतं, चेहरे सात का?

या गोष्टीची टिंगल सगळेच करतात. सासूच्या हातून ताट पडतं. धाडकन संगीत. मग सुनेचा चेहरा, नवऱ्याचा, दिराचा, जावेचा, मोलकरणीचा, आजीचा आणि फिरून सुनेचा. सात चेहरे, प्रत्येकी तीन सेकंद, एकवीस सेकंद झाले. हे लिहायला एक ओळ पुरते, चित्रित करायला दिवे हलवावे लागत नाहीत आणि २२ मिनिटांपैकी एका मिनिटाचा तिसरा हिस्सा पदरात पडतो. पंगतीत बासुंदी संपत आली की वाढपी वाटी अर्धी भरतो आणि हात मात्र दोनदा फिरवतो, तसं हे. आळस आणि हिशोब दोन्ही त्यात आहेत.

पण आमच्या घरात संध्याकाळी साडेसातला बघा. मावशी जमिनीवर बसून गवार मोडत असते. नजर ताटलीत, कान टीव्हीकडे. पडद्याकडे ती अर्ध्या तासात फार तर वीस वेळा बघते. तिच्यासाठी लिहायचं तर वाक्य असं लागतं : “वहिनी, तुम्ही हे दादांचं पत्र कपाटात का लपवलंत?” माझ्यासारख्याला हे वाक्य कृत्रिम वाटतं, कारण पत्र दिसतंय, कपाट दिसतंय, वहिनीही दिसतेय. मावशीला मात्र वर न बघता सगळं कळलं. संगीताचा दणका म्हणजे तिला ‘आता मान वर कर’ असा निरोप, आणि ती मान वर करेपर्यंत चेहरे टिकायला हवेत. सात चेहऱ्यांतले चार तरी तिच्या सोयीसाठी आहेत.

हे कौशल्याचं काम आहे आणि ते चांगलं करणारे लेखक मी पाहिलेत. अडचणीमुळे सर्जनशीलता मरते असं म्हणणाऱ्यांनी आसोद्याच्या बहिणाबाईंकडे बघावं. घर, शेत, जातं यांच्या रामरगाड्यातच त्यांना ओव्या सुचल्या. दळणाची लयच त्यांच्या कवितेची लय झाली. फक्त बहिणाबाईंच्या जात्यापाशी दर गुरुवारी कोणी आकडा घेऊन येत नव्हतं.

शिलाई मिळाली, कपडा गिऱ्हाइकाचा

‘आयपी’ हा शब्द पाहुण्यांनी सगळ्यांत जास्त वेळा वापरला आणि एकदाही फोडून सांगितला नाही. आयपी म्हणजे बौद्धिक मालमत्ता : गोष्ट, पात्रं, मालिकेचं नाव, ती पुन्हा दाखवायचा, दुसऱ्या भाषेत करायचा हक्क.

आपण कापड देऊन शिंप्याकडून सदरा शिवून घेतो. शिंपी शिलाई घेतो, सदरा आपला. पुढे तो सदरा कोणी दुप्पट किमतीला मागितला तर शिंप्याला काही मिळत नाही. आपल्याकडे खाजगी वाहिनीसाठी मालिका करणारा निर्माता बहुतेक वेळा असाच शिंपी असतो. भागामागे ठरलेली रक्कम त्याला मिळते, करारानं मालकी वाहिनीकडे जाते. मालिका दहा वर्षं गाजली, तिची हिंदी-तेलुगू रूपं निघाली, तरी त्याचा हिशोब भागागणिकच राहतो. दूरदर्शनच्या प्रायोजित काळात मालकी बऱ्याचदा निर्मात्याकडे राहायची, म्हणून त्या काळच्या काही मालिकांवर त्यांच्या निर्मात्यांची घराणी आजही उत्पन्न घेतात.

ब्रिटनमध्ये २००३ साली ‘कम्युनिकेशन्स’ कायदा झाला आणि त्यानंतर ठरलेल्या अटींमुळे स्वतंत्र निर्मात्यांना पहिल्या प्रसारणानंतरचे बरेच हक्क स्वतःकडे ठेवता येऊ लागले. तिथं एडिंबरा शहरात १९७६ पासून टीव्हीतल्या माणसाचं जाहीर व्याख्यान होतं, आणि त्यात मालकीचा आणि सत्तेचा प्रश्न उघडपणे मांडायची रीत आहे. अमळनेरला तो आडवळणानं आला, एवढाच फरक.

मालकीचा आणि नवेपणाचा काय संबंध? ज्याच्या नावावर शेत आहे तो लिंबाची बाग लावतो, चार-पाच वर्षं वाट बघतो. एका हंगामासाठी बटाईनं घेतलेल्या शेतात कोणी झाड लावत नाही. तिथं हातात लवकर पैसा देणारं, गेल्या वर्षी शेजाऱ्याला पिकलेलं पीकच घेतात. एका वाहिनीवर गावातली खमकी सून चालली की सहा महिन्यांत तीन वाहिन्यांवर तीन खमक्या सुना दिसतात, त्याचं कारण इथं आहे. कायदाही आड येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केलं की नुसत्या कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो, ती ज्या रूपात मांडली त्या रूपावर असतो. खमकी सून कोणीही घ्यावी.

याच कारणानं परदेशी खेळ विकत आणणंही परवडतं. ‘कौन बनेगा करोडपती’ २००० साली आला तो एका ब्रिटिश कार्यक्रमाचा साचा घेऊन. दिवे, संगीत, लाइफलाइन सगळं आधी दुसऱ्या देशात पारखून झालेलं. नवा खेळ शोधून तोंडावर पडण्यापेक्षा चाललेल्या खेळाची फी भरणं वाहिनीला स्वस्त वाटतं.

“पण लोकांनाच हे आवडतं”

व्याख्यानात एका गृहस्थांनी उठून हे जरा चिडूनच सांगितलं. थोडं खरं आहे. मावशीला कोणी बळजबरी करत नाही, आणि तिची आवड कमी दर्जाची आहे असं म्हणणाऱ्यांबद्दल मला फारसं प्रेम नाही. पण खानावळीत रोज शेवभाजीच असेल तर शेवभाजीच जास्त खपणार. टीआरपी हे सांगते की असलेल्यातलं काय खपलं. कळण्याची भाकरी ठेवली असती तर काय झालं असतं, हे त्या आकड्यात येऊ शकत नाही.

यूट्यूबवर तर मोकळं रान आहे ना?

तरुण पोरांचा हा प्रश्न होता. खान्देशात तो विचारणं साहजिक आहे. शेजारच्या मालेगावात तर यूट्यूब येण्याच्या आधीच हँडीकॅमवर विडंबनपट काढणाऱ्यांची फळी तयार झाली, आणि आज अहिराणी गाण्यांशिवाय आमच्याकडे हळदीचा डीजे वाजत नाही.

मोकळीक आहे, आणि मालकी तर नक्कीच आहे : स्वतः केलेल्या व्हिडिओचे हक्क करणाऱ्याकडेच राहतात. पण गुरुवार इथंही आहे, तो रोज येतो. लांब व्हिडिओंच्या बळावर जाहिरातीचा वाटा मिळायला किमान १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं गेलेलं असावं लागतं. व्हिडिओ आठ मिनिटांचा असला की मधे जाहिरात घालता येते. आता आपल्याकडच्या विनोदी व्हिडिओंची लांबी बघा. साडेतीन मिनिटांचा विनोद आठ मिनिटं दहा सेकंदांपर्यंत कसा ताणलाय ते दिसेल. ताट तिथंही पडतं, फक्त चेहऱ्यांऐवजी तोच चेहरा सात वेळा, एकदा उलटा करून.

शेवटचा प्रश्न

प्रश्नोत्तरं संपत आली तेव्हा पारोळ्याकडचे एक शिक्षक उठले. मालवणी झाली, कोल्हापुरी झाली, वऱ्हाडी झाली. आमच्या अहिराणीत रोजची मालिका कधी? टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी पाणी प्यायलं. भाषा गोड आहे, माणसं आहेत, गोष्टी आहेत, असं सगळं म्हणून झाल्यावर ते म्हणाले की खान्देशातल्या खान्देशात वर्षभर जाहिरात देणारी दहा दुकानं आणा, मी उद्या सुरू करतो.

सभागृह गप्प झालं. मग मागून कोणीतरी ओरडलं, “सराफबाजार शे ना!” आणि हशा पिकला. पहिल्या रांगेत कार्यक्रमाचे प्रायोजक असलेले एक सराफ बसले होते. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि त्यात मन लावून काहीतरी वाचायला लागले. सूत्रसंचालक बाईंनी आभारप्रदर्शन सुरू केलं.